मोटारीचा मेस्त्री आणि मोटारीचा सोबती

वेगवान मोटार विकत घेणें ही द्रव्याची गोष्ट आहे. ती बाळगणें ही माणसांची गोष्ट आहे. द्रव्य असलें म्हणजे पुण्यामुंबईच्या दुकानांतून हवी ती गाडी दाराशीं येऊन उभी राहते; परंतु ती दहा वर्षांनंतरहि तशीच धांवावी यासाठीं तिचें अंतरंग जाणणारा कारागीर आणि तिच्याविषयीं चार शब्द ऐकून घेणारा सोबती असे दोघे लागतात, आणि हे दोघेहि कोणत्या दुकानांत विकत मिळत नाहींत. शहरांतल्या माणसास ही उणीव फारशी भासत नाहीं. तालुक्याच्या गांवीं मात्र ती पहिल्याच पावसाळ्यांत भासूं लागते.

पाटणचेंच उदाहरण घ्यावें. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेलें हें सातारा जिल्ह्यांतील गांव कराडहून चिपळुणास जाणाऱ्या वाटेवर आहे. जवळच दातेगडाचा डोंगर आहे. पश्चिमेस कोयनानगर, हेळवाक व त्यापुढें कोंकणांत उतरणारा कुंभार्ली घाट आहे. या तालुक्यांतील माणसें पिढ्यान् पिढ्या पोटासाठीं मुंबईस गेलीं. गिरण्यांत, गोदींत, बाजारांतल्या ओझ्यांखालीं त्यांनीं आपले दिवस काढले. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यांतले होत. अशा घरांतला एखादा नातू आज पुण्यास चांगल्या नोकरीवर असतो, आणि लहानपणापासून मनांत घर करून बसलेली वेगवान मोटार घेऊन तो गणपतीला गांवीं येतो. आळींतलीं मुलें गाडीभोंवतीं जमतात, वडील माणसें किंमत विचारतात, आणि चार दिवसांनीं त्यास दोन प्रश्न पडतात. हिला कांहीं झालें तर उघडणार कोण? आणि हिची गोडी कळणारें या पंचक्रोशींत दुसरें कोणी आहे काय?

हे प्रश्न आजचे वाटतात खरे, परंतु ते मोटारीइतकेच जुने आहेत. ते पूर्वीं कसे सुटले हें पाहिलें असतां आज ते कसे सोडवावे याचा कांहींसा उलगडा होतो, म्हणून त्यांचा थोडा इतिहास येथें मांडीत आहों.

कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट १८८६ च्या जानेवारींत मागितलें. लोकांस ती गाडी म्हणजे एक गंमत वाटे. विकत घेण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बर्था ही आपल्या दोन मुलांस घेऊन, नवऱ्यास न विचारतां, मानहाइमहून आपल्या माहेरीं फोर्झहाइमला त्या गाडींतून गेली. अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें. वाटेंत इंधन संपलें तें तिनें वीसलोख येथील एका औषधाच्या दुकानांतून घेतलें. कारण ज्या द्रवावर ती गाडी चाले तो त्या काळीं डाग काढण्यासाठीं औषधवाल्याकडे मिळत असे. साखळी बिघडली तेव्हां एका लोहारानें ती नीट करून दिली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हां त्यांवर तिनें चर्मकाराकडून चामडें ठोकवून घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली.

या कथेंतील धाडसाचें कौतुक सर्वांनीं केलें आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीनें मात्र तिच्यांतील तीन दुय्यम पात्रें अधिक महत्त्वाचीं आहेत: औषधवाला, लोहार आणि चर्मकार. त्या मार्गावर मोटारीचा एकहि कारखाना नव्हता, कारण असा कारखाना असूं शकतो ही कल्पनाच तेव्हां कोणास नव्हती. तरी प्रत्येकाच्या हातीं असलेली जुनी विद्या नव्या यंत्राच्या उपयोगी पडली. नवें यंत्र गांवांत येतें तेव्हां त्याचा कारागीर सोबत येत नाहीं. तो तेथेंच, दुसऱ्या कोणत्या तरी धंद्यांत, बसलेला असतो, व त्यास शोधून काढावें लागतें.

योगायोग असा कीं, त्याच १८८८ सालीं आपल्याकडे बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामूअण्णा यांचें सायकलींचें दुकान निघालें. लक्ष्मणराव तेव्हां मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत. रामूअण्णा त्या बेळगांवीं विकीत व घेणाऱ्यास चालविण्यास शिकवीत. विकणारा, शिकविणारा आणि दुरुस्त करणारा एकाच छपराखालीं असल्यामुळें दुकान हीच त्या नव्या वाहनाची शाळा झाली व तोच त्याच्या शोकिनांचा अड्डाहि झाला. पुढें त्याच हातांनीं कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर घडविले. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडलजवळ माळाची जागा दिली तेव्हां १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यांत आहे. कृष्णेच्या खोऱ्यांत लेथवर काम करणाऱ्यांची एक पिढी जी तयार झाली, तिचें एक मूळ बेळगांवच्या त्या सायकलच्या दुकानांत आहे.

आतां सोबत्यांकडे वळूं. मोटार बाळगणाऱ्यांचा पहिला मोठा क्लब पॅरिसांत १८९५ सालीं निघाला, लंडनचा १८९७ सालीं. मुंबई इलाख्यांत विसाव्या शतकाच्या आरंभींच मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया ही मंडळी स्थापन झाली होती, व १९०४ च्या अखेरीस तिनें दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींच्या सहनशक्तीची परीक्षा योजिली होती. ती १९०५ च्या जानेवारींत पुरी झाली. पुढें १९१९ सालीं मुंबईस वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. मार्गांचे नकाशे, प्रवासाची माहिती, परदेशीं गाडी नेण्याचे कागदपत्र, वाटेंत बंद पडलेल्या गाडीस मदत अशीं कामें या संस्थेनें केलीं. तिच्या आरंभींच्या दिवसांत मोटार ही श्रीमंतांची, अधिकाऱ्यांची व संस्थानिकांची वस्तु होती, हें निराळें सांगावयास नको.

परंतु या सभासदांच्या गाड्या उघडीत कोण होते? मालक क्लबांत बसे आणि मेस्त्री गाडीखालीं निजे. क्लबांची इतिवृत्तें छापलीं गेलीं. मेस्त्रीची विद्या त्याच्या हातांतच राहिली. यामुळें आमच्या मोटारीच्या इतिहासाचा एक अर्धा भाग लिहिलेला व दुसरा अर्धा ऐकीव असा झाला आहे. मौज अशी कीं, मोटारीची चावी आणि ती दुरुस्त करणारा मेस्त्री हे दोन्ही शब्द मराठींत पोर्तुगीज भाषेंतून आले. म्हणजे जहाजें आणि देवळें-चर्चें बांधणाऱ्या कारागिरांचें नांव वारशानें मोटारीच्या कारागिरास मिळालें. त्याची शिकवण पुस्तकी नव्हती. गॅरेजांत ‘पोऱ्या’ म्हणून आलेला मुलगा आधीं फडकें धुई, मग दहा-अकराचा पाना कोणता व बारा-तेराचा कोणता हें ओळखूं लागे, आणि कांहीं वर्षांनीं बंद झांकणाआडच्या आवाजावरून कोणता वाल्व नीट बसत नाहीं हें सांगूं लागे. उस्ताद प्रसन्न असला तर कारण सांगे. नसला तर पाठींत धपाटा घाली. या पद्धतींत क्रौर्य होतें, वेळेचा अपव्यय होता. पण तिनें तालुक्यातालुक्यांत माणसें तयार केलीं.

कोल्हापूर हें या हस्तविद्येचें मोठें पीठ झालें. येथें बाबूराव पेंटर यांनीं, विलायती कॅमेरा सहजीं मिळेना तेव्हां, साथीदारांच्या मदतीनें चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला. ज्या गांवांत असें होऊं शकतें तेथें मोटारीचा तुटलेला दांडा विलायतेहून येईपर्यंत कोणी हात जोडून बसत नाहीं. छत्रपतींच्या घरची जुनी मायबाख मोटार आजहि दसऱ्याच्या सोहळ्यांत बाहेर निघते आणि ती पाहण्यास गर्दी लोटते. लोक गाडीचा रंग आणि डौल पाहतात. पण ज्या जर्मन कारखान्याचे सुटे भाग मिळणें कधींच बंद झालें, ती गाडी इतक्या दशकांनंतर स्वतःच्या बळावर चालते, यांत आमच्याकडील हातांचा वांटा केवढा आहे, हा विचार त्या गर्दींत किती जणांच्या मनांत येतो?

पाटणसारख्या भागांत यंत्रविद्या आली ती मात्र राजवाड्यांतून आली नाहीं. ती सार्वजनिक वाहनांतून आणि मोठ्या बांधकामांतून आली. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी.ची पहिली गाडी धांवली. त्यापूर्वीं खाजगी ‘सर्व्हिस मोटारी’ घाटावरच्या रस्त्यांनीं धुरळा उडवीत जात. पुढें एस्. टी.चीं आगारें ठिकठिकाणीं झालीं, त्यांत पाटणचेंहि झालें. आगार म्हटलें कीं फिटर आला, बॅटरीवाला आला, टायरवाला आला. गाडी रोज पहांटे सुटलीच पाहिजे हा दंडक आला. मग १९५० नंतरच्या दशकांत कोयनेचें धरण सुरू झालें व १९६४ पर्यंत तें बांधून झालें. अशा कामावर मातीची व दगडाची वाहतूक करणारीं अवजड यंत्रें डोंगरांतच उघडावीं लागतात, डोंगरांतच जोडावीं लागतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानें कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त केली. त्या आपत्तींतहि वाट मोकळी राहिली पाहिजे, मालमोटार चालली पाहिजे, ही गरज कोणास चुकली नाहीं. वेगाच्या हौसेशीं या गोष्टींचा संबंध नाहीं असें वाटेल. पण हौशी माणसास जो मेस्त्री भेटतो त्याचें घराणें बहुधा अशाच कामांतून आलेलें असतें.

याच काळांत देशांतील मोटारींची संख्या थोडी व जाती त्याहून थोड्या होत्या. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें फियाट गाड्या निघूं लागल्या. कलकत्त्याकडून अँबॅसडर येई व मद्रासेकडून स्टँडर्ड. परदेशी गाडी आणणें जवळजवळ अशक्य होतें. ग्राहकाच्या दृष्टीनें हा दुष्काळच होता. गाडीसाठीं वर्षानुवर्षें वाट पहावी लागे. पण त्या दुष्काळाचा एक चांगला परिणामहि झाला. तीन जातींच्या गाड्या ज्यास उघडतां येत त्या मेस्त्रीस देशांतली जवळजवळ प्रत्येक गाडी उघडतां येई. फियाटचा कार्ब्युरेटर पाटणला साफ झाला काय आणि पार्ल्यास साफ झाला काय, फरक पडत नसे. शर्यतीची हौस असलेला माणूस याच फियाटचें इंजिन उघडून, घासून, तिचा वेग वाढवी. म्हणजे मालक, मेस्त्री आणि शोकीन हे तिघे एकाच यंत्राची भाषा बोलत.

ही एकभाषा १९८३ नंतर हळूहळू मोडूं लागली. त्या वर्षाच्या डिसेंबरांत मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली. १९९१ च्या आर्थिक बदलांनंतर परदेशी कारखाने आले. २००१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, स्कोडाच्या गाड्या जुळूं लागल्या व २००९ सालीं चाकणला फोक्सवागनचा कारखाना निघाला. २००४ सालीं ऑक्टेव्हिया आर्. एस्. ही गाडी आली; तिच्या पेट्रोलच्या इंजिनास टर्बो होता, व तशी कारखान्यांतून निघालेली गाडी तेव्हां आपल्याकडे अपूर्व होती. २०१३ सालीं पोलो जी. टी. आली, लहान टर्बो इंजिन आणि दोन क्लचांची स्वयंचलित गीअरपेटी असलेली ही गाडी मध्यम पगाराच्या तरुणासहि आटोक्यांत होती. तिचें उत्पादन २०२२ सालीं थांबलें, तरी तिचे चाहते तिला सोडीत नाहींत. वेगवान गाडी ही संस्थानिकाची वस्तु न राहतां ती महाराष्ट्राच्या माळावर तयार होऊन महाराष्ट्राच्या तरुणाच्या अंगणांत आली, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्या गाडीसमोर जुना मेस्त्री उभा राहिला तेव्हां त्याचे कान निरुपयोगी झाले. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारी व इंजिनांत जास्त हवा कोंबणारी चक्री. ती मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेते, व तिच्या दांड्यास योग्य जातीचें स्वच्छ तेल मिळालें नाहीं तर ती लवकरच खलास होते. इंधन किती व ठिणगी केव्हां, हें ठरविणारा लहानसा संगणक एका पेटींत बंद असतो. दोष कोठें आहे तें तो सांकेतिक अंकांत सांगतो, आणि ते अंक वाचण्यास यंत्र लागतें. तें यंत्र, त्याचें ज्ञान आणि मूळ सुटे भाग हीं तिन्ही कंपनीच्या अधिकृत कारखान्यापुरतींच राहिलीं, तर तालुक्याचा मेस्त्री हा झांकण उघडून पाहणारा केवळ एक प्रेक्षक होतो.

हें केवळ आमचें गाऱ्हाणें नाहीं. भारताच्या स्पर्धा आयोगापुढें हाच प्रश्न गेला होता, आणि २०१४ च्या ऑगस्टांत आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न देणें हें स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. कंपन्या त्यावर वरच्या न्यायासनांकडे गेल्या. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानानें २०१२ सालीं लोकमतानें दुरुस्तीचा हक्क मान्य केला. आमच्या केंद्र सरकारनेंहि २०२२ च्या अखेरीस या हक्काविषयीं माहिती देणारें संकेतस्थळ उघडलें. कंपन्यांच्या बाजूनें बोलावयाचें तर असें म्हणतां येईल कीं, अपघातांत फुगणारी हवेची पिशवी किंवा अतिशय दाबानें इंधन सोडणारा पंप अनभिज्ञ हातीं पडला तर जीवावर बेतेल. हें म्हणणें खोटें नाहीं. पण अज्ञानाचा धोका ज्ञान लपवून कमी होत नसतो. तो ज्ञान देऊन कमी होतो. कोणत्या कामास काय शिक्षण हवें हें ठरवावें, शिक्षणाची किंमत घ्यावी, पण दारच लावून घेऊं नये.

दुसऱ्या बाजूस मालकाच्या हौसेसहि मर्यादा आहेत. कारखान्यानें ठरविलेल्या रचनेपेक्षां गाडी भलतीच बदलली तर ती कायद्यास धरून राहत नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा हा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केला. तेव्हां ‘इंजिनाची शक्ति वाढवून देतों’ असें सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हातीं गाडी सोपविण्यापूर्वीं विमा, नोंदणी आणि स्वतःचा जीव यांचा विचार केलेला बरा.

मग पाटणच्या मालकानें कारागीर शोधावा कसा? इतिहासानें जें दाखविलें त्यावरून एक रीत सुचते. सर्व कामें एकाच ठिकाणीं व्हावींत हा हट्ट सोडून कामांची वांटणी करावी. टायर, पंक्चर, धुणें, बॅटरी हीं कामें गांवांतच व्हावींत. ज्याच्याशीं रोज रामराम होतो त्यासच रात्रीं अकरा वाजतां हांक मारतां येते. तेल, ब्रेक, चाकांची समरेषा यांसाठीं कराड आहे. तेथें राष्ट्रीय महामार्ग आहे, परिवहन कार्यालय आहे, व १९६० सालापासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयहि आहे. धातूचें बारीक काम, एखादा मिळत नसलेला भाग घडविणें, घासणें, जोडणें यासाठीं कोल्हापूरचें उद्यमनगर आणि शिरोली-गोकुळ शिरगांवच्या ओतशाळा आहेत. गीअरपेटी किंवा संगणक यांचा मूळ दोष असेल तर मात्र सांगली, सातारा, कोल्हापूर वा पुणें यांपैकीं जेथें त्या जातीच्या गाड्या पुष्कळ येतात तेथेंच जावें. कारण शंभर सारख्या गाड्या पाहिलेला सामान्य कारागीर एक गाडी पाहिलेल्या असामान्य कारागिरापेक्षां बहुधा अधिक उपयोगी पडतो.

कारागिराची परीक्षाहि फार अवघड नाहीं. तो भाग बदलण्यापूर्वीं दोष मोजतो कीं आधीं भाग काढून मग विचार करतो? काढलेला जुना भाग तो मालकाच्या हातीं देतो काय? बोल्ट आवळतांना ठरलेल्या जोराचें माप असलेला पाना वापरतो कीं अंगांतल्या बळावर भिस्त ठेवतो? तेलाच्या डब्यावरची जात वाचतो काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ‘हें मला येत नाहीं, अमक्याकडे जा’ असें म्हणण्याची त्याची तयारी आहे काय? जो असें म्हणतो त्याच्याकडे जें काम आपण सोंपवितों तें त्यास येतें, असा विश्वास धरावा. अशा मेस्त्रीशीं घासाघीस करून चार पैसे वांचविण्यांत शहाणपण नाहीं. त्यास दोष वाचण्याचें एक साधें यंत्र घेण्यास चार मालकांनीं मिळून उसने पैसे दिले तर त्यांत शहाणपण आहे.

आणि येथेंच सोबत्यांचा प्रश्न कारागिराच्या प्रश्नास येऊन मिळतो. वेगाची आवड असलेली माणसें एकमेकांस भेटतात तीं बहुधा गॅरेजच्या बांकावर. एम्. एच्. ५० हा कराडचा क्रमांक असलेली तशीच दुसरी गाडी तेथें उभी दिसते, मालक चहा मागवितो, आणि ओळख होते. कोल्हापूरच्या परिसरांत लहान शर्यती गाड्यांची धांवपट्टी झाली आहे, तेथें कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. ज्यास आपल्या गाडीचा व आपला अंत पहावयाचा असेल त्याच्यासाठीं तीच जागा योग्य. जुन्या गाड्यांचे शोकीन दसऱ्यास कोल्हापुरांत भेटतात. अशा भेटींतून जें मिळतें तें कोणत्याहि माहितीपत्रकांत नसतें: कोणत्या पंपाचें पेट्रोल चांगलें, कोणाकडे कोणता भाग शिल्लक आहे, कोणत्या मेस्त्रीच्या हातास यश आहे.

सोबत मिळाली म्हणजे घाटांत शर्यत लावण्याचा मोह होतो, आणि तेथें मात्र थांबलें पाहिजे. कुंभार्ली घाट सुंदर आहे, वळणावळणानें तो चालविणाऱ्यास बोलावितो. पण तो एस्. टी.चा आहे, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा आहे, माहेरीं निघालेल्या बाईचा आहे. शेजारींच कोयनेचें अभयारण्य आहे, जें २०१० पासून सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. रात्रीं रस्ता ओलांडणाऱ्या रानजनावरास गाडीची जात कळत नाहीं. पावसाळ्यांतलें धुकें दहा हातांपलीकडचें दिसूं देत नाहीं. हिशेबच करावयाचा तर असा करावा: बाराशें किलोंची गाडी पांचशें मीटर उंची उतरली तर जेवढी शक्ति ब्रेकांस आणि इंजिनास मिळून जिरवावी लागते, तेवढींत सुमारें सतरा लिटर थंड पाणी उकळीस येईल. सारा भार एकट्या ब्रेकांवर टाकणारा माणूस खालीं पोंचेपर्यंत ब्रेक शाबूत राहतीलच असें नाहीं. शिवाय वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें, हा नियम महाग गाडीसहि लागू आहे. लहान गीअरांत सावकाश उतरणारा जुना एस्. टी. चालक या बाबतींत पुष्कळांचा गुरु होण्यास योग्य आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष एकट्या मोटारीपुरता नाहीं. पाटणच्या घरांतून गेलीं शंभर वर्षें माणसें बाहेर गेलीं आणि मनिऑर्डरी घरीं आल्या. आतां मनिऑर्डरीच्या जागीं यंत्रें येऊं लागलीं आहेत: मोटारी, पंप, शेतीचीं अवजारें, डोंगरावरच्या पवनचक्क्यासुद्धां. यंत्र गांवांत आलें आणि त्याची विद्या शहरांतच राहिली, तर गांव केवळ गिऱ्हाईक होऊन बसतें. प्रत्येक बिघाडास पुण्याची वाट धरावी लागते, आणि गॅरेजांतला हुशार पोऱ्या मोठा झाला कीं तोहि तीच वाट धरतो. उलट, एका हौशी मालकानें आपली गाडी स्थानिक मेस्त्रीपुढें विश्वासानें उभी केली, त्यास शिकण्यास वेळ दिला, आणि आणखी तिघांस त्याचें नांव सांगितलें, तर त्या गाडीबरोबर एक विद्याहि गांवांत राहावयास येते. औषधवाला, लोहार आणि चर्मकार यांच्या हातून जें काम १८८८ सालीं झालें तें पुढें चालवावयाचें कीं नाहीं, हें शेवटीं गाडी घेणाऱ्यानेंच ठरवावयाचें आहे. गाडी त्याची असली तरी ती चालती ठेवणारे हात गांवाचे असावेत, एवढी अपेक्षा पाटणसारख्या गांवानें आपल्या लेंकराकडून केली तर ती फार मोठी म्हणतां येणार नाहीं.